'वापरलेली' फुरिसोदे, 6,400 रुपये: एका ब्लाउजवालीचा रिव्ह्यू

पार्सल आलं त्या दिवशी माझ्या मशीनवर अकरा बाराबंद्या, म्हणजे बंद बांधायचे पांढरे अंगरखे, बाकी होत्या. डिसेंबरचा शेवट. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी आम्हा शिवणाऱ्यांना मान वर करायला वेळ नसतो, हे सोलापूरकराला सांगायला नको. यात्रेतले नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) धरणारे, नुसतं मिरवणुकीत चालणारे, त्यांची चार-चार वर्षांची पोरं, सगळ्यांना पांढरीशुभ्र बाराबंदी पाहिजे आणि ती परवाच पाहिजे. अशात डिलिव्हरीवाला उंबऱ्यात उभा, "मॅडम, ओटीपी सांगा." मी म्हटलं, काय मागवलंय कुणी? आतून पोरगी पळत आली.

खोक्यात फुरिसोदे होती. जपानमध्ये मुली विसाव्या वर्षाच्या समारंभाला घालतात तो लोंबत्या बाह्यांचा रेशमी किमोनो. ऑनलाइन दुकानावर लिहिलं होतं, 'वापरलेली, स्थिती चांगली'. किंमत 6,400. कमरेला गुंडाळायचा रुंद पट्टा, त्याला ओबी म्हणतात, तो वेगळा 1,900. हा रिव्ह्यू या दोन वस्तूंचा आहे. दुकानाचं नाव देत नाही, कारण पुढं थोडी तक्रार आहे. आणि तसंही जुन्या मालात एक नग म्हणजे एकच नग, हीच तुम्हाला मिळायची नाही.

मी चोवीस वर्षं साखर पेठेत ब्लाउज शिवते. कपडा हातात आला की आधी उलटा करते, मग सुलटा बघते. लग्नात पंगतीला बसले तरी समोरच्या बाईच्या मुंढ्याला चुणी पडलीय का तेच दिसतं. तेव्हा रंग कसा, फोटो कसे येतात, हे माझ्याकडून कमी मिळेल. शिलाईचं मिळेल.

पण आधी ही वस्तू आमच्या घरात का आली ते. थोरली ऑक्टोबरात वीस पूर्ण झाली. दोन वर्षं झाली, कॉलेज करून जपानी शिकते. डिसेंबरात हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन जपानी भाषेची एन-फोर पातळीची परीक्षा देऊन आली. त्यांच्या क्लासनं ठरवलं की यंदा विशीतल्या पोरापोरींचा 'सेइजिन नो हि' करायचा. म्हणजे सज्ञान झाल्याचा दिवस. जपानात त्या दिवशी सुट्टी असते. जानेवारीचा दुसरा सोमवार, यंदा तो 12 तारखेला आला.

"आई, तिथं नगरपालिका बोलावणं पाठवते. हॉलमध्ये सगळे जमतात, महापौर भाषण करतो."

"भाषण ऐकायला एवढी रेशमी नेसून जायचं?"

"भाषण कोण ऐकतंय. फोटो काढायला."

मला ते पटलं. आपलं हळदीकुंकू तरी कशाला असतं.

तिच्या सेन्सेई (जपानीत शिक्षिका) मॅडम स्क्रीनवरूनच शिकवतात. त्यांनी सांगितलं ते मी मशीन बंद करून ऐकलं. पूर्वी तिकडं 'गेनपुकु' असायचं. सरदार घराण्यातली पोरं बारा ते सोळाच्या दरम्यान मोठ्यांच्या हातून टोपी घालून घेत, केस बदलत, नावसुद्धा बदलत. आजचा समारंभ मात्र लढाईनंतरचा. जपान हरला, पोरं खचलेली, तेव्हा नोव्हेंबर 1946 मध्ये सायतामा प्रांतातल्या वाराबी नावाच्या छोट्या गावानं तरुणांना धीर द्यायला एक मेळावा भरवला. 1948 साली कायदा होऊन सुट्टी ठरली आणि 1949 पासून 15 जानेवारी हा दिवस धरला. 2000 साली तो दुसऱ्या सोमवारावर नेला, लोकांना जोडून सुट्टी मिळावी म्हणून. 15 जानेवारी ऐकून मी म्हटलं, म्हणजे यांचाही गड्डा संक्रांतीलाच! मॅडम हसल्या, पण ते अगदीच चूक नव्हतं. ते म्हणे धाकट्या नववर्षाचे दिवस, गेनपुकु त्याच सुमाराला करायचे.

आता कायद्यानं सज्ञान व्हायचं वय तिथं 18 आहे, 1 एप्रिल 2022 पासून. तरी बहुतेक गावांनी समारंभ विसालाच ठेवला. अठराव्या वर्षीच्या जानेवारीत पोरं प्रवेश परीक्षेच्या धास्तीत असतात, बाह्या कोण सांभाळणार? दारू-सिगारेटला परवानगी अजून विसालाच. हे थोरलीनं मला जरा जास्तच खुलासेवार सांगितलं.

तर वस्तू.

टेप लावला. कापडाचा पन्ना साडेचौदा इंच. आपल्या साडीच्या पन्न्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. त्या चिंचोळ्या पट्टीचे आठ तुकडे: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढं एकमेकांवर यायचे दोन, गळ्याची पट्टी आणि तिच्यावरची पट्टी. झालं. खांद्यावर शिवण नाही, पुढचं पाठीमागचं एकच लांब कापड खांद्यावरून टाकलेलं. मुंढ्याला गोलाई नाही, कटोरी नाही, टक्स नाहीत. सगळं सरळ. मी चोवीस वर्षं गोलाई कापून पोतं-पोतं चिंध्या काढल्या, आणि इथं एक चिंधी गेलेली नाही! जास्तीचं कापड आत दुमडून ठेवलंय. प्रत्येक शिवणीत माया एवढी सोडलीय की दोन माणसं जाड होऊन बारीक झाली तरी पुरेल. गळ्यापाशी मी अस्तराच्या आत बोट घालून बघितलं, तिथं नुसती सरळ चीर दिलीय, कापड कापून काढलेलं नाही, घडी घातलीय.

शिलाई सगळी हाताची. टाके मोजले, इंचाला नऊ-दहा, सगळे एका मापाचे. मला हातशिलाईचं कौतुक कुणी सांगू नये, मी स्वतः तुरपाई करते. पण एवढ्या लांबीत एकही टाका तिरका नाही म्हणजे त्या बाईनं मध्येच चहाला उठून परत आल्यावर हात बदलू दिलेला नाही. (बाईच असेल हे मी धरून चाललेय. बाप्याही असेल.)

याहून भारी नक्षी. तळाशी गडद निळा, वर येताना फिका, त्यावर बगळ्यासारखे सारस आणि देवदाराच्या फांद्या. फांदी पाठीवरच्या शिवणीवरून पलीकडं जाते आणि तुटत नाही. बाहीवर सारसाचा अर्धा पंख, उरलेला अर्धा अंगावर, बरोबर जुळलेला. मी एकदा काठपदराच्या ब्लाउजला दोन मोर समोरासमोर आणताना अर्धा मीटर कापड वाया घालवलं होतं. हे कसं साधलं? मॅडमनी सांगितलं: पांढरं कापड आधी कच्चं शिवतात, त्या अंगरख्यावर चित्राची रेघ काढतात, मग सगळं उसवतात, सपाट करून रंगवतात आणि पुन्हा शिवतात. ऐकून मी उगाच कात्री खाली ठेवली.

आणि धुवायचं असलं तरी तेच. भारी किमोनो पूर्वी उसवून, पट्ट्या जोडून, धुऊन, ताणून वाळवून परत शिवत. मापाचा माणूस बदलला तर त्याच वेळी माप बदलायचं. म्हणून तिथं आईची फुरिसोदे मुलीला होते. त्याला त्यांच्यात 'मामा-फुरी' असा शब्दच आहे. माझ्या लग्नातला ब्लाउज थोरलीला होत नाही, आणि तो मीच शिवला होता.

बाही 41 इंच लोंबते. लग्न झालेल्या बाईनं ती घालायची नाही. पूर्वी लग्नानंतर बाही आखूड करत. हे कळल्यावर मी जरा गप्प झाले. कारण तोवर मला सज्ञान झाल्याच्या दिवसाची ही रीत फार आवडली होती. आपल्याकडं पोरीचा कार्यक्रम तिच्या अंगाकडं बघून ठरतो. माझ्या आजीच्या काळात न्हाण आलं की मखरात बसवायचे. आमच्या पूर्व भागात तेलुगू शेजाऱ्यांत आजही लंगा-वोणीचा (परकर-ओढणी नेसवायचा) कार्यक्रम होतो, मी दर उन्हाळ्यात दहा-बारा तरी शिवते, पैसे चांगले मिळतात, तक्रार नाही. पण पोरगी तेरा-चौदाची, मान खाली घातलेली, आणि सगळी भाऊकी बघायला. त्यापुढं 'तू आता नागरिक' म्हणून गावानं बोलावणं मला बरं वाटलं होतं. तर तिथंही बाहीची लांबी लग्नानं ठरते. असो. थोरलीचं मतदार कार्ड आलं तेव्हा काय झालं होतं? अंगणवाडीच्या बाई फॉर्म घेऊन गेल्या, कार्ड पोस्टानं आलं, फोटोत ती तापातून उठल्यासारखी दिसते. आपल्याकडं 25 जानेवारीला मतदार दिवस असतो, 2011 पासून, नव्या मतदारांचा सत्कार करतात. आमच्या पोरीला कुणी बोलावलं नाही.

आता तक्रारी.

एक: ओबी 'रेशीम' म्हणून विकला. शेजारच्या मामांनी तीस वर्षं चादरीचे माग चालवले. त्यांनी आधी किमोनोच्या आतल्या मायेतून एक धागा काढून काडी लावली. केस जळाल्याचा वास, राख चिमटीत भुरभुरली. "रेशीम हाय." मग ओबीचा धागा. आक्रसला आणि टोकाला काळा मणी झाला. मामा काही बोलले नाहीत, मणी माझ्या तळहातावर ठेवला. दुकानाशी चॅटवर तीन दिवस घातले, तेव्हा 400 रुपये परत आले. पॉलिएस्टरचा ओबी वाईट नसतो, सव्वाचार मीटर लांब आहे, जर सुंदर आहे. पण मग पॉलिएस्टर म्हणा की.

दोन: आतला झगा, जुबान, त्याशिवाय ही घालता येत नाही, हे पानावर कुठंही लिहिलेलं नाही. जुबानाच्या बाह्या फुरिसोदेएवढ्याच लांब लागतात, नाहीतर आतून गोळा होतात. मी अकरा बाराबंद्या सोडून क्रीम साटिनचा जुबान शिवला. एक रात्र गेली. कमरेच्या नाड्या पाच-सहा लागतात, त्या बाराबंदीच्या बंदांच्या उरलेल्या पट्ट्यांच्या केल्या. अंगठा वेगळा असलेले पांढरे मोजेही त्याच कापडाचे, आणि त्यावर अंगठ्याच्या कोल्हापुरी चपला. चालून जातं.

तीन: उजव्या बाहीच्या अस्तरावर दोन पिवळे डाग, फोटोत नव्हते. आणि कपाटातला वास. चार दिवस सावलीत टांगली तेव्हा गेला.

भाड्यानं का नाही घेतली, असं क्लासमधल्या एका पोरीच्या आईनं विचारलं. सोलापुरात फुरिसोदे भाड्यानं कोण देणार? आणि जपानातही भाडं काही स्वस्त नाही, लाख-दोन लाख येन सहज जातात, वर्ष-वर्ष आधी नाव लावावं लागतं, त्या दिवशी पहाटे चार-पाचला केस करायला नंबर. 2018 साली तर योकोहामातलं एक भाड्याचं दुकान ऐन समारंभाच्या सकाळी बंद निघालं. पोरी दारात उभ्या, किमोनो नाहीत, मालक नाही. ती बातमी थोरलीनं दाखवली तेव्हा मला माझ्या दुकानासमोर बाराबंदीसाठी उभी राहणारी गर्दी दिसली आणि त्या रात्री दोन वाजेपर्यंत शिवत बसले.

नेसवणं. हो, घालणं नाही, नेसवणंच म्हणायला पाहिजे. सोमवारी सकाळी साडेसहाला बसलो: मी, शेजारची अक्का, आणि मोबाइलवर एक जपानी बाई. दोन तास चाळीस मिनिटं. पहिली गोष्ट, किमोनोला बाईचं अंग खांबासारखं सरळ लागतं. कमरेचा खळगा भरून काढायला टॉवेल गुंडाळतात. जपानी बाईनं व्हिडिओत टॉवेल काढला तशी अक्का ओरडली, "अगं, हे तर आपलंच!" घरात काय कमी आहेत, सोलापुरात. दोन चांगले जाड टॉवेल घडी करून बांधले. माझी पोरगी पहिल्यांदाच जाड दिसली.

मग लांबी. किमोनो माणसाएवढाच लांब असतो, जास्तीचं कमरेवर दुमडायचं. सहावारी खोचणाऱ्या बाईला हे दोन मिनिटांत जमतं. बटण नाही, हूक नाही, सगळं बंदांवर, तेही बाराबंदीच्या सवयीनं जमलं. अडलो ते डाव्या-उजव्यावर. डावी बाजू वर आली पाहिजे. उजवी वर फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात. तीनदा सोडून तीनदा केलं. शेवटी नीट आलं, पोरीनं सेल्फी काढून मॅडमना पाठवली आणि लगेच फोन: "अगं, उलटं नेसलीस! सोड, सोड!" अक्कानं कपाळाला हात लावला. मी पोरीकडं बघतेय तर डावी वर. फोटोत उजवी वर. पाच मिनिटांनी उजेड पडला. पुढचा कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतो! तेव्हा घेणाऱ्यांसाठी सूचना: फोटो दुसऱ्याला काढायला लावा.

ओबीची 'फुगलेली चिमणी' नावाची गाठ मारायची होती. आमची चिमणी पावसात भिजलेली झाली. टाचणी लावायची नसते म्हणतात. मी सहा लावल्या.

रिक्षात बसताना बाह्या मांडीवर गोळा करून धराव्या लागतात, नाहीतर चाकात जातील. 12 जानेवारी, सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या फाशीचा दिवस, त्यामुळं हुतात्मा चौकात त्यांच्या पुतळ्यांना हार घालायला गर्दी, बाराबंदीतली माणसं गड्ड्याच्या कामाला लागलेली, आणि मध्ये आमची रिक्षा अडकलेली. रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "नाटक हाय का?"

"जपानी हाय," मी म्हटलं.

तर तो म्हणाला, "मग कोटणीस डॉक्टरला नेलेल्या लोकांतलं का?" त्याला चीन आणि जपान एकच वाटत होते. थोरलीनं त्याला सिग्नल सुटेपर्यंत सांगितलं, की आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले ते जपाननं चीनवर हल्ला केला होता म्हणून, जखमींवर उपचार करायला, आणि 1942 साली बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. सारस काढलेली रेशमी बाही हातात धरून ती हे सांगत होती. रिक्षावाला म्हणाला, "आता तूबी जाणार तिकडं?" ती म्हणाली, "बघू, नोकरी लागली तर." हे मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

कार्यक्रम क्लासच्या खोलीतच, अकरा पोरंपोरी, मॅडम पडद्यावर. फुरिसोदे एकटी आमची. बाकीच्या साड्यांत, एक मुलगा वडिलांच्या लग्नाच्या सुटात. प्रत्येकानं जपानीत चार वाक्यं बोलायची होती. मला एक अक्षर कळलं नाही, शेवटी 'सोलापूर' तेवढं कळलं. मग चहा, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.

एक गोष्ट मुद्दाम मागं ठेवली. पार्सल उघडल्यावर दुसऱ्या दिवशी फुरिसोदे टांगली, तर दोन्ही बाह्यांच्या कडेनं पांढरा धावदोरा दिसला. एक लांब टाका, एक आखूड. मला वाटलं शिवणारी काढायला विसरली, मी कात्री घेतलीच होती. थोरलीनं आधी मॅडमना फोटो पाठवला. मॅडम म्हणाल्या, हा कच्चा टाका घडी बसावी म्हणून ठेवतात आणि पहिल्यांदा नेसायच्या आधी काढतात. तो अजून आहे याचा अर्थ ही कुणी कधी नेसलेलीच नाही.

म्हणजे दुकानानं 'वापरलेली' लिहिलं तेही खोटं, पण उलट्या बाजूनं. कुणीतरी पोरीसाठी शिवून घेतली, डाग पडेपर्यंत कपाटात ठेवली आणि विकली. मॅडम म्हणाल्या, 2021 च्या जानेवारीत करोनामुळं पुष्कळ गावांनी समारंभ रद्द केले, पुढं ढकलले, त्यातली असेल. किंवा पोरीनं सूट घातला असेल. किंवा पोरगी आलीच नसेल. मी पुढचे दहा-बारा दिवस तो दोरा काढला नाही. बाराबंद्या शिवताना सारखं तिकडं लक्ष जायचं. सोमवारी सकाळी थोरली म्हणाली, "काढ की आता, किती वेळ बघू लालीस?" मी म्हटलं, तूच काढ. "नको, तुला येतंय." टोकाची गाठ हलकी होती, ओढला तसा अख्खा दोरा एका दमात हातात आला.

घ्यायची असेल तर उंची पाच-दोन ते पाच-चार असलेल्या पोरीला घ्या, मानेपासून मनगटापर्यंतचं माप विचारून घ्या (आमच्या पोरीचा हात दीड इंच बाहेर राहिला), जुबान आहे का विचारा, आणि ओबीचा धागा जाळून बघितल्याशिवाय रिव्ह्यू लिहू नका. नुसत्या फोटोंसाठी हवी असेल तर पॉलिएस्टरची नवी स्वस्तात मिळते, तीच बरी. किमोनोला पाचपैकी पाच, ओबीला दोन, दुकानाला अडीच.

क्लासमधल्या दोघींनी लगेच पुढच्या वर्षासाठी भाड्यानं मागितली. अजून हो म्हटलेलं नाही. गड्डा संपल्यावर मी ती दोन दिवस सावलीत टांगली, घडी मॅडमनी दाखवली तशी शिवणींवरच घातली, आणि बाह्यांना पुन्हा कच्चा टाका घातला, एक लांब, एक आखूड, जुन्याच भोकांतून. दोरा बाराबंदीचा उरलेला, पांढराच. उद्या कुणाच्या हातात गेली तर तिला वाटेल, ही कुणी नेसलेलीच नाही.